क्रौंच, शेतकरी आणि शिकारीचा हंगाम



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. एका पक्ष्याला मारण्यासाठी सरकारने वर्षातील काही दिवस नेमून द्यावेत की देऊ नयेत, असा हा वाद आहे. पक्षी आहे क्रौंच, आणि वादाचे ठिकाण आहे अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे राज्य. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या गृहस्थाने सकाळची लोकल गाठण्याच्या घाईत या दूरदेशीच्या भांडणात मन का घालावे, असे कोणी विचारील तर ते गैर म्हणता येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर मी आधी न देता शेवटी देईन. तोवर आपण थोडा धीर धरावा, इतकीच विनंती.

या विषयाकडे मी वळलो तो एका पत्रामुळे. मी मॅट्रिक झालेला, प्राथमिक शाळेतला साधा मास्तर. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. माझ्या हाताखाली चौथीत शिकलेला एक विद्यार्थी आज विस्कॉन्सिनमध्ये सहकुटुंब राहतो. त्याला आणि त्याच्या मुलीला पक्षी पाहण्याचा नाद आहे. त्याने लिहिले, “गुरुजी, आमच्या गावाबाहेरच्या दलदलीत क्रौंचांची एक जोडी दरवर्षी येते. मुलीने त्यांना मराठी नावे दिली आहेत. शेजारचा शेतकरी मोठा सज्जन माणूस आहे, अडीअडचणीला धावून येणारा. त्याचा नुकता उगवलेला मका क्रौंचांनी ओळीच्या ओळी उपटून टाकलेला मी स्वतः पाहिला. आता तो म्हणतो, शिकारीचा हंगाम सुरू व्हावा म्हणून अर्जावर सही करा. मुलगी म्हणते, बाबा, करू नका. तुम्ही काय केले असते?”

मास्तराला प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर शोधावेच लागते; आणि उत्तर शोधताना आधी स्वतःचे अज्ञान दूर करावे लागते. ते करताना जे समजले, तेच आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम पक्ष्याची ओळख करून घेऊ. कारण लांब पायांचा कोणताही पक्षी दिसला की त्याला बगळा म्हणून मोकळे होण्याची आपली रीत आहे. कोल्हा आणि करकोचा यांची गोष्ट आपण सर्वांनी बाळपणी वाचली. परंतु करकोचा हा शब्दही आपण कधी क्रौंचाला, तर कधी त्याच्यासारख्या दिसणाऱ्या भलत्याच कुळातील पक्ष्यांना लावतो. खरे म्हणजे ओळखीच्या खुणा सोप्या आहेत. बगळा उडताना मान मुडपून घेतो, तर क्रौंच ती पुढे ताठ लांबवून उडतो. बलाक कुळातील पक्षीही मान लांबवतात. पण त्यांना कंठस्वर जवळजवळ नसतो, आणि त्यांपैकी पुष्कळ जाती झाडांवर वस्ती करतात. क्रौंच आपले घरटे पाणथळ जमिनीवर करतो, आणि त्याची हाक तुतारीसारखी दूरवर ऐकू जाते. याचे कारण असे की, बहुतेक क्रौंचांची श्वासनलिका फार लांब असून छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते. तुतारीची नळी जितकी लांब तितका नाद खोल, हा नियम निसर्गाने येथे पाळलेला दिसतो.

जगात क्रौंचांच्या पंधरा जाती आहेत. आपल्याकडे बारा महिने राहणारा तो सारस. उडणाऱ्या सर्व पक्ष्यांत तो उंचीने पहिला. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे ते साधे क्रौंच आणि कांड्या करकोचे. राजस्थानातील फलोदीजवळच्या खीचन गावी हे करकोचे हजारोंच्या संख्येने उतरतात, आणि गावकरी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या धान्य टाकतात. त्या गावच्या पाणथळीला २०२५ मध्ये रामसर स्थळाचा मान मिळाला. विस्कॉन्सिनमधील वाद ज्याविषयी आहे तो मात्र सँडहिल क्रौंच. अंगाने राखी, कपाळावर तांबडा टिळा असलेला. आपण सोयीसाठी त्याला नुसता क्रौंच म्हणू.

या पक्ष्याच्या संसाराची रीत ध्यानात घेतल्यावाचून पुढचा वाद समजणार नाही. क्रौंच तीन-चार वर्षांचा, कित्येकदा त्याहूनही मोठा झाल्यावाचून विणीला लागत नाही. जोडी जमली म्हणजे ती वर्षानुवर्षे टिकते. मादी वर्षातून एकदा बहुधा दोन अंडी घालते, आणि त्यांतून उडण्याइतके मोठे होणारे पिल्लू बहुतेक वेळा एकच. ते पिल्लू पहिले स्थलांतर आईबापांच्या सोबतीने करते आणि वाट त्यांच्याकडून शिकते. कोठे उतरावे, कोठे रात्र काढावी, कोठे धोका आहे, हे सारे शिक्षण त्या एका प्रवासात होते. बदकाला एका हंगामात आठ-दहा पिल्ले होतात. त्याच्या थव्यातून काही गेली तरी भर लवकर पडते. क्रौंचाच्या थव्यात पडलेली तूट भरून यायला वर्षे लागतात.

आता शिकारीचा हंगाम म्हणजे काय ते पाहू. हा शब्द ऐकला की मारण्याची मोकळीक असा अर्थ आपल्या मनात येतो. परंतु या कल्पनेचा उगम नेमका उलटा आहे. ज्या काळी कोणीही, केव्हाही, कितीही मारावे अशी स्थिती होती, त्या काळी अमुक महिन्यांत मारू नये असे सांगणारा कायदा झाला. त्या बंद काळाच्या बाहेर जो उरला तो हंगाम. आपल्या देशात १८८७ च्या कायद्याने नगरपालिकांच्या व छावण्यांच्या हद्दीत, विणीच्या काळात नुकत्याच मारलेल्या किंवा पकडलेल्या रानपक्ष्यांच्या विक्रीवर बंदी घालता येऊ लागली. १९१२ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना पक्ष्यांसाठी बंद काळ ठरवण्याचा अधिकार दिला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच्या घडणीत हुमायून अब्दुलअली या पक्षिशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. याच अब्दुलअलींनी सालीम अलींच्या जोडीने मुंबई आणि साष्टी बेटावरील, म्हणजे आपल्या या उपनगरांतील पक्ष्यांची विस्तृत नोंद करून ठेवली आहे; ती १९४१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुढे १९७२ मध्ये देशभर लागू होणारा वन्य जीव संरक्षण कायदा आला. त्यातही आरंभी परवाना घेऊन काही प्राण्यांची शिकार करण्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली, आणि हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले.

याचा अर्थ असा की, हंगाम हा शब्द एकच असला तरी त्याचा परिणाम जागेवर अवलंबून असतो. जेथे सारे रान मोकळे आहे तेथे हंगाम म्हणजे कुंपण; जेथे कुंपण आधीच घातलेले आहे तेथे हंगाम म्हणजे त्या कुंपणाला पाडलेले दार. विस्कॉन्सिनमधील क्रौंचांची गोष्ट दुसऱ्या प्रकारची आहे.

एके काळी त्या देशात क्रौंच मुबलक होते. लोकांनी त्यांना खाण्यासाठी मारले, दलदली सुकवून शेते केली, आणि पाहता पाहता पक्षी नाहीसे होऊ लागले. १९१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांविषयी करार झाला, १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला, आणि क्रौंचांची शिकार थांबली. तरीही १९३० नंतरच्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये विणीच्या जेमतेम पंचवीस जोड्या उरल्या होत्या. त्या राज्यात अध्यापन करणारे आल्डो लिओपोल्ड यांनी १९३७ मध्ये दलदलीवर एक विलापिका लिहिली, ती हा पक्षी आता जाणार अशाच समजुतीने. परंतु पक्षी गेला नाही. कायद्याचे संरक्षण आणि राखलेल्या पाणथळी यांच्या बळावर तो हळूहळू वाढला, आणि पूर्वेकडील या क्रौंचांची संख्या आज लाखाच्या घरात गेली आहे. याच राज्यात बॅराबू गावी १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठान स्थापन झाले. साऱ्या जगातील क्रौंचांच्या रक्षणाचे काम तेथून चालते.

संख्या वाढली आणि तेथेच नव्या वादाचे बीज पडले. देशाच्या मध्यभागातील क्रौंचांचा थवा याहून पुष्कळ मोठा असल्यामुळे तेथे १९६१ पासून परवान्याने शिकार सुरू झाली होती. पूर्वेकडील थव्यावर बंदूक चालवण्याची परवानगी प्रथम केंटकी राज्याने २०११ मध्ये दिली, टेनेसीने २०१३ मध्ये, अलाबामाने २०१९ मध्ये. विस्कॉन्सिनमध्ये २०१२ साली एक विधेयक येऊन गेले, ते मंजूर झाले नाही. २०२४ मध्ये तेथील विधिमंडळाने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि २०२५ मध्ये नवे विधेयक पुढे आले. त्याचे दोन भाग होते. एक, क्रौंचांच्या शिकारीचा हंगाम सुरू करावा. दुसरा, मक्याच्या बियाण्याला लावण्याच्या औषधासाठी शेतकऱ्याला अर्थसाहाय्य द्यावे. हे दोन भाग आपण ध्यानात ठेवावेत; कारण माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली त्यांतच आहे.

आधी शेतकऱ्याची बाजू ऐकू. मका पेरल्यावर कोंब वर आला की क्रौंच शेतात उतरतो, ओळीने चालू लागतो, चोचीने कोंब उपटतो आणि मुळाशी असलेला दाणा खातो. एकेक रोप उपटत तो पुढे जातो, आणि मागे रिकामी ओळ राहते. ज्याने कर्ज काढून बियाणे आणले, त्याला ती ओळ पाहून काय वाटत असेल, हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. तेथील शिकारी म्हणतात, पक्षी आता पुष्कळ झाले आहेत. मध्यभागात साठ वर्षांहून अधिक काळ शिकार चालू असूनही थवा कमी झालेला नाही. आम्ही शुल्क भरून परवाना घेऊ, मर्यादेत मारू, मांस खाऊ. शिवाय नुकसान होत असताना शेतकऱ्याला विशेष परवान्याने क्रौंच मारता येतात. पण असे मारलेले पक्षी खाण्याची मुभा नसल्याने ते वाया जातात. त्यापेक्षा शिकार बरी नव्हे काय?

हे सारे म्हणणे धुडकावून लावण्याजोगे नाही. अमेरिकेत पाणथळींच्या रक्षणासाठी शिकाऱ्यांनी पुष्कळ पैसा दिला आहे. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्याला एक तिकीट विकत घ्यावे लागते, आणि त्या उत्पन्नातून पाणथळ जमिनी घेतल्या जातात. आपल्याकडेही पक्षिविद्येचा पाया ज्यांनी घातला, त्यांत बंदूकवाले थोडे नव्हते. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले आहे, त्या ह्यूम साहेबांनी मार्शल यांच्यासह हिंदुस्थानातील शिकारी पक्ष्यांवर तीन खंडांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात सिद्ध केला. त्यात क्रौंचही आहेत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे आरंभीचे कित्येक सभासद शिकारी होते. खुद्द सालीम अलींना पक्ष्यांची गोडी लागली ती लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. तेव्हा शिकारी म्हणजे दुष्ट आणि पक्षिनिरीक्षक म्हणजे संत, अशी वाटणी मी करणार नाही.

तरीही पक्षिनिरीक्षकांच्या ज्या शंका आहेत, त्यांचे उत्तर मला मिळालेले नाही. पहिली शंका काळाविषयीची. मक्याचे नुकसान होते ते वसंतात, कोंब लहान असतात त्या थोड्या आठवड्यांत. रोप मोठे झाले की मुळाशी दाणा उरत नाही आणि क्रौंचाला त्यात रस राहत नाही. शिकारीचा हंगाम मात्र शरदात असतो, कारण विणीच्या काळात, म्हणजे १० मार्चपासून १ सप्टेंबरपर्यंत, अशा पक्ष्यांची शिकार त्या करारानेच वर्ज्य केली आहे. म्हणजे चोरी वैशाखात झाली आणि पहारा आश्विनात बसवला, असा हा प्रकार झाला. शरदात जो पक्षी मरेल तोच पुढच्या वसंतात त्या शेतात येणार होता, असे कोण सांगू शकेल?

दुसरी शंका पक्ष्याच्या निवडीविषयीची. नुकसान करणाऱ्या थव्यांत पुष्कळदा अजून जोडी न जमलेले तरुण क्रौंच असतात. दलदलीत घर केलेली जोडी आपल्या जागेची राखण करते आणि दुसऱ्या क्रौंचांना तेथे येऊ देत नाही. बंदुकीच्या छऱ्याला हा भेद कळत नाही. जोडीतील एक मेला तर त्या वर्षीचे पिल्लू अर्ध्या शिक्षणावर उरते, आणि राखलेली जागा मोकळी होऊन तेथे थवा उतरण्याचाही संभव असतो.

तिसरी शंका ओळखीच्या चुकीची. सँडहिल क्रौंचांच्या संगतीने हूपिंग नावाचा शुभ्र क्रौंच उडतो. १९४१ मध्ये त्या जातीचे साऱ्या जगात अवघे वीस-बावीस पक्षी उरले होते. २००१ पासून विस्कॉन्सिनमध्ये वाढवलेल्या पिल्लांना हलक्या विमानाच्या मागे उडवून दक्षिणेची वाट शिकवण्यात आली. इतका खटाटोप करून उभा केलेला तो थवा अजून शंभराच्याही आत आहे. पहाटेच्या धुक्यात, उंचावर, उगवत्या सूर्याकडे पाहत नेम धरणाऱ्याच्या हातून एक चूक झाली, तर कित्येक वर्षांचे कष्ट मातीत जातात.

चौथी शंका जखमी पक्ष्यांची, आणि ती मला कोणी पुस्तकातून सांगावी लागली नाही. १९६८ च्या सुमारास मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मुलुंड पूर्वेला तेव्हा भातशेती होती आणि तिच्यापलीकडे मिठागरे पसरलेली होती. हिवाळ्यात एक सद्गृहस्थ रविवारी बंदूक घेऊन तेथे येत. त्यांचा नेम चांगला होता; स्वभावही चांगला होता; आम्हा पोरांना ते गोळ्या वाटीत. एकदा त्यांनी बदकांच्या थव्यावर बार काढला, तीन पाखरे पडली. दोन सापडली, तिसरे चिखलात कोठे तरी गेले. पुष्कळ शोधून ते परत निघाले. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना ते पाखरू मला बांधाच्या कडेला दिसले. एक पंख लोंबत होता, आणि ते जिवंत होते. मी त्याला घरी नेले. रात्री ते मेले. मारलेल्या पक्ष्यांच्या हिशोबात त्या सद्गृहस्थांनी दोनच धरले असतील. त्यांनी खोटे सांगितले असे नव्हे. तिसऱ्याची त्यांना माहितीच नव्हती. कायद्याने ठरवलेल्या मर्यादेबाहेर असा तिसरा पक्षी नेहमीच असतो.

आता क्षणभर आपल्या देशाकडे पाहू. भरतपूरच्या सरोवरावर १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. हा आकडा तेथल्या शिलालेखावर अभिमानाने कोरलेला आहे. ते स्थान १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, बंदुका केव्हाच शांत झाल्या होत्या. तेथे सैबेरियातून येणारे शुभ्र क्रौंच १९६० नंतरच्या दशकात दोनशेच्या आसपास होते. भरतपुरात त्यांना अभय होते. परंतु अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या वाटेवरच्या मुलखांत क्रौंच मारण्याची आणि शिशाच्या गोळ्या बांधलेल्या दोऱ्या भिरकावून जिवंत पकडण्याची जुनी चाल होती. संख्या घटत घटत २००२ च्या आरंभी शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरने सैबेरियन क्रौंच पाहिलेला नाही. स्थलांतरी पक्षी कोणा एकाच्या अंगणात सुरक्षित असून भागत नाही. वाटेवरचे प्रत्येक अंगण त्याला सुरक्षित लागते.

आणि बंदूक नसली म्हणजे सारे काही ठीक झाले, असेही नाही. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडे भंडाऱ्यात उरले आहेत. संख्या तीस-चाळीसच्या आसपास. तेथे त्यांना कोणी हौसेने मारीत नाही. परंतु विजेच्या तारा, शेतातील विषारी औषधे आणि आटत चाललेल्या तळ्यांचे काठ यांनी त्यांना घेरले आहे. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपण होऊन याची दखल घेतली. घरटे धानाच्या बांधीत असले तर त्याला धक्का न लावता भोवतीचे काम करणारे शेतकरी तेथे आहेत, आणि त्यांच्या मदतीला स्थानिक पक्षिमित्र आहेत. सारसाचा वंश त्यांच्याच भरवशावर उभा आहे. आपल्या दाराशीही हेच घडते. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आणि तरी २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेने तीसहून अधिक रोहित पक्षी वस्तीत येऊन पडले. त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती.

मग पक्षी आणि पीक यांच्या भांडणात उपाय कोणता? आमच्या लहानपणी गावाकडे जोंधळा हुरड्यावर आला की शेतात माळा घालीत. त्यावर उभे राहून घरातील कोणी तरी गोफण फिरवी, हाळी देई. त्याला पाखरे राखणे असे म्हणत. पाखरे मारणे असे कोणी म्हणत नसे. राखण ही पिकाला धोका असतो त्याच दिवसांत, त्याच शेतात होते. शिकार ही शिकाऱ्याच्या सवडीने आणि त्याला आवडेल त्या रानात होते. विस्कॉन्सिनमधल्या बियाण्याला लावायचे औषध म्हणजे या राखणीचाच नवा प्रकार आहे. अँथ्राक्विनोन नावाचा पदार्थ दाण्याला चोळून पेरला की क्रौंचाला तो दाणा मानवत नाही. पक्षी मरत नाही. दाणा सोडून त्याच शेतातील किडे आणि मागल्या हंगामातील सांडलेले धान्य वेचू लागतो. शेतातून त्याला हाकलावे लागत नाही, आणि मकाही वाचतो. दोष एकच, औषधाला पैसे पडतात, आणि ते शेतकऱ्याच्या खिशातून जातात.

येथे मला मुख्य मुद्दा सापडल्यासारखे वाटले. क्रौंच सर्वांचा. त्याला पाहून आनंद होतो तो शहरातल्या माणसाला, शाळेतल्या मुलांना, दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्यांना. नेब्रास्का राज्यात दर मार्चमध्ये प्लॅट नदीवर लाखो क्रौंच उतरतात; तेथे क्रौंचांची शिकार होत नाही, आणि ते पाहण्यासाठी दुरून लोक येतात. इतक्या जणांचा आनंद ज्याच्या दाण्यावर चालतो, त्या शेतकऱ्याने एकट्याने त्या दाण्याची किंमत भरावी, हा न्याय नव्हे. तो बंदूक मागतो तेव्हा बहुधा त्याला रक्त नको असते. आपले ऐकून घ्यावे, एवढेच हवे असते.

म्हणून मी विद्यार्थ्याला उत्तर लिहिले ते असे. “चिरंजीव, हंगामाच्या अर्जावर सही करू नकोस, कारण त्याने तुझ्या शेजाऱ्याचा मका वाचणार नाही. परंतु नुसता नकार देऊन घरी येऊ नकोस. बियाण्याच्या औषधाला साहाय्य मिळावे, यासाठी दुसरा अर्ज तूच लिही, आणि त्यावर पहिली सही तुझी असू दे. पेरणीच्या वेळी मुलीला घेऊन शेजाऱ्याच्या बांधावर जा. ज्याला पक्षी हवा आहे, त्याने राखणीचा एक तरी दिवस द्यावा.”

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर. हा वाद आपला कसा? आपल्या कायद्याने शिकारीचा हंगाम बंद केला. परंतु पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार सरकारजवळ आजही आहे. २०१५ आणि २०१६ मध्ये बिहारात नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकड यांना काही मुदतीसाठी उपद्रवी ठरवण्यात आले, तेव्हा देशभर असाच वाद पेटला होता. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबट्या दिसला की सोसायटीच्या सभेत कोणती भाषा निघते, हे आपण जाणतो. प्रत्येक वेळी प्रश्न हाच असतो की, प्राण्याचे सुख सर्वांना आणि त्याचे ओझे एखाद्यालाच, असे का? हे ओझे वाटून घेण्याची तयारी नसेल, तर मारू नका असे सांगण्याचा आपला अधिकार दुबळा होतो.

आदिकवीच्या हृदयाला शोक झाला तो क्रौंचांच्या जोडीतील एक पारध्याच्या बाणाने पडला तेव्हा. तो पक्षी सारस असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. आपल्या काव्याचा उगमच या पक्ष्याच्या दुःखातून झाला, अशी आपली परंपरा सांगते. मला मात्र आताशा त्या कथेत आणखी एक माणूस दिसू लागला आहे. तो पारधी. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली की नाही, हे कोणी विचारले नाही. क्रौंचासाठी डोळ्यांत पाणी आणावे. परंतु त्याच वेळी त्या चुलीचीही चौकशी करावी. या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर शिकारीच्या हंगामाची मागणी करण्याचे कारण पुष्कळ ठिकाणी उरणार नाही, असा माझा विश्वास आहे.

येत्या हिवाळ्यात एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन खाडीकाठी जावे, बगळा कोणता आणि रोहित कोणता ते त्यांना दाखवावे, आणि त्या खाडीवर पोट असलेल्या कोळ्याशीही दोन शब्द बोलावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.